खाली तुझं नाव

प्रिय एलोडी,

परवा तुझ्या भावाचा, रोझेरचा, फोन आला होता. तू गाडी चालवणं सोडलंस म्हणाला. गॅस बंद केलास की वहीत लिहितेस. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, तर तू म्हणतेस, त्यांना काय कळतंय, हे कधी सुरू झालं ते मला माहीत आहे. ते वाक्य त्याने सहज सांगितलं. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

आपली जुनी आवृत्ती डिसेंबरात बंद होते आहे. एक ऑपरेटिंग सिस्टीम अकरा वर्षं जिवंत ठेवली आपल्या गटाने, पहिली दोन तुझ्यासह. नव्या आवृत्तीतल्या दुरुस्त्या जुनीत बसवायच्या, काही मोडत नाही ना पाहायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मंगळवारी मी डुलुथहून दुरुस्त्या पाठवायचो. तू मॉन्क्टनच्या गॅरेजातल्या नऊ म्हाताऱ्या संगणकांवर त्या चालवायचीस. गुरुवारी तुझा एक शब्द यायचा, ‘चालतंय’. मग मी प्रत्येक दुरुस्तीखाली ओळ घालायचो, ‘तपासणी : एलोडी कॉर्मिए’. ती ओळ दिसली की लोक पुढचं वाचत नसत.

नऊ वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, एका आठवड्याच्या चोविसाव्या दुरुस्तीखालीही ती होती. ती बसवल्यावर, डिस्क भरली की जुन्या संगणकांवरच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. एका लहान रेडिओ केंद्राची चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणं गेली. गटाच्या सामायिक ईमेलवर, सगळ्यांसमोर, कुणीतरी तुला लिहिलं, ‘बाई, गॅरेजात संगणक आहेत की मुरंब्याच्या बरण्या?’ तू मला फोन केलास. ‘ओडेल, अरे, मला ती तपासल्याचं काहीच आठवत नाही रे. पण खाली नाव माझं आहे, म्हणजे तपासलीच असणार.’ मग म्हणालीस, ‘आईचंही असंच सुरू झालं होतं.’ तेव्हा तुझी आई तुला नर्स समजायची.

मी म्हणालो, ‘असू दे गं, थकली असशील.’

आठवड्याने तू काम सोडलंस. तुझ्या निरोपाचं पत्र गटाला मीच लिहिलं. लोकांनी ते फार वाखाणलं.

एलोडी, त्या गुरुवारी तुझं उत्तर तेवीस दुरुस्त्यांचं होतं. चोविसावी मी त्यानंतर त्यांत जोडली. चार ओळींची होती, तिला काय तपासायचं, असं वाटलं. वरच्या तेविसांखालची ओळ उचलून तिच्याखालीही चिकटवली. फोनवर हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. तेव्हा मला माझं नाव खराब व्हायची भीती होती, नंतर उशीर झाल्याची. अशी नऊ वर्षं गेली. आज सकाळी सगळ्यांना लिहून टाकलं. तुला आधी विचारलं असतं, तर तू ‘राहू दे’ म्हणाली असतीस. क्षमा मागत नाही. फक्त हे तुझ्या हातात कागदावर असावं, म्हणून लिहितो आहे : तू काहीही विसरली नव्हतीस. ती दुरुस्ती मी तुला पाठवलीच नव्हती.

तुझाच, तुला चालेल तोवर,
ओडेल