गाडीत बावीस

४ एप्रिल
निर्णय घेतला. मी राहतो त्या गाडीच्या छपरावरचा जुना एसी काढायचा आणि हीट पंप बसवायचा.

जुना एसी गाडीच्याच वयाचा. चालू केला की आत ट्रॅक्टर शिरल्यासारखा आवाज. बाहेरून वीज जोडलेली नसेल तर बॅटरीचा जीव घेतो. गार करतो, हे मान्य. पण गार करणं म्हणजे सर्वस्व नव्हे. हीट पंप उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकतो, थंडीत बाहेरची आत ओढतो, आणि वीज निम्मी खातो. एकच मशीन, दोन्हीकडे चालणारं. मला अशा गोष्टी लगेच पटतात.

मुख्य कारण आई. गेल्या वर्षी तिचा थायरॉईड वाढला होता. आता गोळ्यांनी ठीक आहे, पण उकाडा सोसत नाही. तिची भाड्याची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. ताईचं घर लहान, त्यात सासूसासरे, दोन पोरं. मी म्हणालो, माझ्याकडे ये. गाडी थंडगार करतो. दोघं फिरू. आई म्हणाली, बघू. म्हणजे हो.

दर वेळी ताईच का? या वेळी मी.

६ एप्रिल
जुना एसी काढला. भंगारवाला घेऊन गेला, खूश होता. छपराच्या भोकावर प्लायवूड आणि वर ताडपत्री.

ताईचा फोन. म्हणाली, नवा आला का? म्हटलं, येईल. मग जुना आधी कशाला उपटलास? मी समजावलं की जुना चालू असला की माणूस नव्याची घाई करत नाही, हे मानसशास्त्र आहे. ती म्हणाली, मानसशास्त्र राहू दे, आधी शास्त्र बघ.

तिला गाडीबद्दल पहिल्यापासून आकस आहे. ‘डबा’ म्हणते.

११ एप्रिल
मशीन अजून आलं नाही. वेळ वाया घालवायचा नाही म्हणून अभ्यास. वाळव्या वारुळात हवा कशी खेळवतात त्याचे व्हिडिओ पाहिले. चार तास कुठे गेले कळलं नाही. वाळवीकडे एसी नाही, तक्रारही नाही.

नवी कल्पना: गाडीला पांढरा रंग. पांढरा रंग ऊन परतवतो. उजवी बाजू रंगवून झाली. मग रंग संपला. डावीकडे तसंही सध्या ऊन कमी येतं.

१९ एप्रिल
मशीन आलं! दोन डबे. एक आत लावायचा, एक बाहेर. मध्ये तांब्याच्या नळ्या. आतला डबा उष्णता गोळा करतो, बाहेरचा ती फेकून देतो. साधं तत्त्व.

सध्या मशीन बसवून देणाऱ्या एसीवाल्याच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावून राहतोय. माणूस बरा आहे पण अर्धा दिवस फोनवर मेव्हण्याशी भांडत असतो. मला ‘मालक’ म्हणतो, का ते कळत नाही, भाडं तर मीच त्याला देतो. तो म्हणाला, मागे बंपरच्या वर लोखंडी फ्रेम ठोकू, तिच्यावर डबा बसवू. मी विचार केला. दगड उडणार, चिखल उडणार, कुणी चोरून नेणार. त्यापेक्षा पलंगाखालच्या डिकीत बसवला तर? सुरक्षित, दिसायलाही छान. त्याला सांगितलं. तो म्हणाला, मालक, याला बाहेरचा डबा म्हणतात ते उगाच का? पण तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला आणि विषय माझ्या बाजूने सुटला.

२३ एप्रिल
सुरू केलं. पुढच्या सीटवर बर्फासारखा वारा! मी एकटाच ओरडलो.

थोड्या वेळाने मागे गेलो तर पलंग तव्यासारखा. डिकीतून गरम हवा फळ्यांच्या फटीतून वर येते. म्हणजे पुढे गार, मागे गरम. सरासरी काढली तर नुकसान काहीच नाही. मशीन उत्तम आहे हे मात्र सिद्ध झालं.

एसीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, फ्रिजचं दार उघडं टाकून स्वयंपाकघर गार करायला निघालात होय? आणि इतका हसला की त्याला खोकला आला.

उपाय सोपा. डिकीच्या दाराला बाहेरच्या बाजूने मोठी जाळी कापायची, आतल्या फटी बंद करायच्या. एक दिवसाचं काम. उद्या.

२५ एप्रिल
जाळीच्या आधी एक महत्त्वाचं काम केलं. गाडीत तापमानाचा सेन्सर लावला. काडेपेटीएवढा. आकडा फोनवर दिसतो, कुठूनही. आईच्याही फोनवर ॲप टाकून दिलं. ती हरखली. म्हणाली, म्हणजे तुझ्या घरात काय चाललंय ते मला इथे बसून दिसणार?

दुपारी तिचा फोन. अरे, अडतीस दाखवतंय. म्हटलं, नवीन आहे, अजून जुळवायचंय.

जुळवायला सेन्सर एसीवाल्याच्या ऑफिसात नेला. तिथे त्याचे वडील दिवसभर एसी लावून शाल पांघरून बसतात. एसीचा रिमोट बावीस म्हणत होता, सेन्सरही बावीस म्हणाला. म्हणजे सेन्सर निर्दोष. कपाटावर फाइलींमागे ठेवला आणि तिथेच राहू दिला. आईला उगाच घोर कशाला? हे खोटं नाही. जाळी बसली की गाडीतही बावीसच होणार. ही फक्त थोडी आधी दिलेली बातमी.

३० एप्रिल
आई सकाळी उठल्या उठल्या आकडा बघते. शेजारणीलाही दाखवते. आज विचारत होती, रात्री एकोणतीस का होतं रे? रात्री ऑफिस बंद असतं. म्हटलं, रात्री मशीन बंद ठेवतो, वीज वाचते. आई म्हणाली, शहाणा झालास हो.

शहाणा! हा शब्द तिने माझ्यासाठी शेवटचा कधी वापरला आठवत नाही. दिवसभर अंगात उत्साह होता.

जाळी: करवतीचं पातं तुटलं. नवीन आणायला निघालो, वाटेत एक माऊथ ऑर्गन विकायला ठेवलेला दिसला. स्वस्त होता. बोटांना कामाची सवय लागायला वाद्य चांगलं.

७ मे
आईने खोली सोडली.

मला न विचारता! घरमालकाला सांगून मोकळी. म्हणाली, रोज बघते ना मी फोनवर, बावीस. मग इथे कशाला भाजून घेऊ? चौदा तारखेला येते.

खूप आनंद झाला. फोन ठेवल्यावर दोनदा डिकी उघडून बघितली, आनंदानेच असणार. ताईलाही सांगितलंय तिने. ताईने मला फोन केला, पहिल्यांदाच न टोचता बोलली. म्हणाली, खरंच जमवलंस की रे.

उद्यापासून फक्त जाळी. माऊथ ऑर्गन कपाटात.

११ मे
डिकीच्या दारावर पेन्सिलीने चौकोन आखला. अगदी सरळ आला. पण दाराच्या पत्र्यामागे आडवी लोखंडी पट्टी आहे, ती माझ्या करवतीला दाद देत नाही. एसीवाल्याकडे ग्राइंडर आहे, पण तो मेव्हण्याच्या गावी गेलाय. समेट करायला म्हणे. ग्राइंडर कुलपात. वडील म्हणतात, किल्ली त्याच्याकडेच, आणि मला विचाराल तर समेट काही व्हायचा नाही.

अजून तीन दिवस आहेत. एका दिवसाचं काम.

१३ मे
समेट लांबला.

१४ मे
आई आली. एक बॅग, एक पत्र्याची पेटी, डोक्याला बांधलेला रुमाल. चढताना म्हणाली, पायरी उंच आहे पण घर छान आहे हो. पुढच्या सीटवर बसवलं, मशीन फुल केलं. पाच मिनिटं गार लागलं. मग मागची हवा पुढे आली.

तिने कपाळ पुसलं. फोन काढला, बघितलं. बावीस. मग माझ्याकडे बघितलं. तुला उकडत नाही का रे?

मी नाही म्हणालो. तोंडातून गेलंच. ती म्हणाली, असं होय, आणि खिडकीकडे बघत बसली.

सेन्सर आजच आणणार होतो. पण आकडा एकदम उडी मारून अडतीसवर गेला असता तर ती घाबरली असती. हळूहळू आणावा लागेल.

१५ मे
आई रात्रभर पदराने वारा घेत होती. सकाळी मला झोपलेला समजून ताईशी फोनवर हळू आवाजात बोलली. म्हणाली, गाडी गार आहे गं, काल फोनवर बावीसच दिसत होतं, पोरगा मजेत आहे. मलाच उकडतंय. छातीत धडधडतंय. डॉक्टर म्हणालेच होते, सगळ्यांना गार वाटतंय आणि तुम्हाला एकटीला उकडतंय असं झालं तर लगेच या. परत आलं वाटतं ते दुखणं.

मी डोळे मिटून पडलो होतो. आत्ता सांगायचं असं ठरवलं. मग वाटलं, झोपेतून उठून सांगितलं तर ऐकत होतो हे कळेल. म्हणून जरा वेळाने सांगायचं ठरवलं. मग चहा झाला. मग ती आंघोळीला गेली.

तिला माझ्याकडे बघून शंका येऊ नये म्हणून स्वेटर घातला. असा उकाडा मी जन्मात बघितला नाही.

१६ मे
आईला घेऊन रक्त देऊन आलो. तपासणीवाल्या बाईंनी माझ्या स्वेटरकडे बघून विचारलं, ताप तुम्हाला आहे का? रिपोर्ट परवा.

परत आल्यावर आईने पेटी उघडली. बँकेचं पुस्तक दाखवलं. बांगड्या ताईच्या मुलीला, म्हणाली, आणि उरलेलं तुम्ही दोघं भांडण न करता घ्या. मी म्हटलं, असं काय बोलतेस. ती म्हणाली, मागच्या वेळी सहा महिने गेले त्यात, आता तेवढी ताकद नाही रे माझ्यात. तू आता एवढं चांगलं केलंस माझ्यासाठी आणि माझंच शरीर दगा देतंय.

शब्द जिभेवर आले होते. आई, म्हणालो. ती म्हणाली, काय? मी म्हणालो, सरबत करू?

उद्या. उद्या सकाळी, उठल्याबरोबर, चहाच्या आधी. हे मी इथे लिहून ठेवतोय म्हणजे बदलता येणार नाही.

१७ मे
चहा झाल्यावर सांगणार होतो.

तेवढ्यात एसीवाला दारात. काल रात्री परतला. समेट झाला नाही, ते आधी सविस्तर सांगितलं. मग खिशातून सेन्सर काढला. म्हणाला, मालक, हे तुमचं ना? कपाटावर टिकटिक करतंय, सेल संपत आलाय बहुतेक. बाबांना वाटलं, ऑफिसात कुणी बॉम्ब ठेवला. काकू, नमस्कार.

आणि आईच्या हातात दिला.

आईने तो तळहातावर धरला. दुसऱ्या हातात फोन. आम्ही तिघंही बघत होतो. आकडा जरा उशिरानेच सरकतो. बावीस. पंचवीस. एकतीस. मी जुळवणीबद्दल काहीतरी बोलायला लागलो. छत्तीस. एसीवाला म्हणाला, बाहेरचा डबा आत बसवल्यावर दुसरं काय होणार? एकोणचाळीस.

आईने आकड्याकडे बघितलं. मग माझ्या स्वेटरकडे.

मी ओरडा खायला तयार होतो. पण ती हसायला लागली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. म्हणाली, म्हणजे उकडतंय. सगळ्यांनाच उकडतंय. मला काही झालेलं नाही.

नाही, म्हणालो.

तिने लगेच ताईला फोन लावला. आवाज एकदम पूर्वीसारखा खणखणीत. म्हणाली, अगं, मी ठणठणीत आहे. मला न्यायला ये.

१८ मे
रिपोर्ट नॉर्मल.

ताई आणि भावोजी आले. ताई भांडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. स्वेटरही अंगावरच ठेवला होता, काढला तर कबुली दिल्यासारखं झालं असतं. ती चढली, आत उभी राहिली, म्हणाली, आधी तो स्वेटर काढ. बस. बाकी काही नाही. पेटी उचलताना मी भावोजींना हीट पंप विजेत किती काटकसरी आहे ते सांगत होतो. ते हो हो म्हणत होते.

आई खाली उतरून परत वळली. वाटलं, आता बोलेल. म्हणाली, दोन दिवस मी मरायची तयारी करत होते रे. रागाने नाही. एखादी माहिती द्यावी तशी. मग माझ्या घामेजल्या केसांतून हात फिरवला आणि भावोजींच्या गाडीत बसली.

२४ मे
एसीवाल्याने जाळी कापून दिली. चहाच्या आत काम संपलं, सगळा वेळ फोन कानाशी होता. फटी मी बुजवल्या.

आईला फोन केला. म्हटलं, झालं. ती म्हणाली, छान झालं. विचारलं, कधी न्यायला येऊ? म्हणाली, इथे बरं आहे मला, पंखा आहे, पोरं आहेत. तू जेवतोस ना वेळेवर? म्हटलं, हो. खरं तर आज जेवलो नव्हतो, पण आता तिने विचारल्यावर जेवणारच होतो.

दुपारभर मशीन चालू ठेवून पलंगावर पडलो. आवाज अजिबात नाही. मागे गार, पुढे गार. आकडा बघितला नाही. हातापायांवर काटा आला, दात वाजायला लागले, तेव्हा कळलं की गार झालंय.

कुणाला सांगावं ते सुचेना. मशीन बंद केलं, दार उघडं टाकलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. बाहेर उकडत होतं. तिथेच बसलोय.