लाल गाडीवरची पाटी

रवि., ६ एप्रिल
पळसदेवला जाऊन आलो. दाजी तसेच. अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले, उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेलाच राहतो. मी दोन तास एकटाच बोलत होतो. धरणाचं पाणी किती उतरलं, देवळाचं शिखर किती उघडं पडलं, बारामतीतल्या माझ्या कवळ्यांच्या गिऱ्हाइकांचे किस्से. डाव्या बाजूनं हसले. आक्का म्हणते, "सकाळच्या पारी एक शबूद येतो तोंडातनं." आमच्या आक्काला आशा फार. मी तरी हूं का चूं ऐकलं नाही.

त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर ती जुनी प्लास्टिकची छोटी गाडी होती, दाजींनी तुकडे जोडून केलेली. उचलून आणली. म्हणालो, नवीकोरी करून देतो. दाजींनी डावा हात पुढं केला. मला वाटलं, निरोप देतायत. आक्का दारापर्यंत आली. "लई दिस ठिवू नगंस बाळू. सकाळी लागती त्यास्नी."

लागती म्हणजे सवयीची असेल. माझ्याकडून दुसरं काय होणार? डॉक्टर थोडाच आहे मी. दातांच्या लॅबमध्ये हात चालतात, तेवढे चालवू.

मंगळ., ८ एप्रिल
भिंगाखाली घेतली. १९५७ ची अमेरिकन गाडी, एकास पंचवीस मापाची, मागं ते माशाच्या परासारखे दोन पंख. मागचा आस मोडलेला, पुढची काच पिवळी पडून तडकलेली, एक चाक गायब. आणि रंग! एसटीचा लाल. दाजी इंदापूर डेपोत मेकॅनिक, उरलासुरला रंग ब्रशनं फासलाय. केस चिकटलेत ब्रशचे.

किटचा खोकाही एसटीतलाच. कुणी प्रवासी विसरला, वर्षभर न्यायला आला नाही, मग साहेबांनी दाजींना देऊन टाकला. मी तेव्हा बारावीत. कागदावरचं इंग्रजी मी वाचायचं, तुकडे दाजींनी जोडायचे. तिथून मला हा नाद. आता घरात एकेचाळीस गाड्या आहेत, सुनंदा त्यांना सवती म्हणते.

पुढं बंपरच्या वर पांढऱ्या रंगात पाटी: इंदापूर. काडीनं लिहिल्यासारखं अक्षर. मी तेव्हाच हसलो होतो, "दाजी, असल्या गाडीला पाटी नसती."
"आरं, पाटी न्हाय तर बसायचं कुणी?"

गुरु., १० एप्रिल
दोन दिवस ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवलेली, आज काढली. रंग सालपटासारखा सुटला. उरला तो टूथब्रशनं घासला. खाली पांढरंशुभ्र प्लास्टिक, जसं खोक्यातून निघालं होतं तसं. पाटी तेवढी चिवट निघाली. ब्लेडनं खरवडली.

सुनंदा: "दाजींना विचारलंत का?"
मी: "विचारून काय? बोलतात थोडेच."
चहा ठेवून गेली.

बुध., १६ एप्रिल
आस झाला, कवळीच्या हुकाची तार वापरली. काच दातांच्या पारदर्शक शीटची, गरम करून ओढली. चाक माझ्या भंगाराच्या डब्यातलं. रंग खोक्यावरच्या चित्रातला, आठवतोय मला: खाली फिका निळा-हिरवा, टप पांढरा. एअरब्रशचे चार हात. आरशासारखी झालीय. इकडं डॉक्टरांचे फोनवर फोन, एका आजोबांची कवळी चार दिवस तटलीय, म्हातारा लग्नात जिलेबी चोखत बसला म्हणे.

आक्काचाही फोन, तिसरा. "झाली का?" खेकसलो तिच्यावर. "घाईनं केलं की बिघडतं, आक्का."
एक नंबर काम झालंय. दाजी बघतील आणि उठून बसतील, असं उगीच मनात येतंय.

रवि., २० एप्रिल
लिहवत नाही. तरी लिहितो.

दाजींच्या मांडीवर गाडी ठेवली. डाव्या हातानं उचलली, फिरवून पुढची बाजू समोर घेतली. बंपरच्या वर अंगठा फिरवला. परत फिरवला. माझ्याकडं बघितलं. मग गाडी मला परत दिली आणि रिकाम्या स्टुलाकडं बोट केलं. माझी कुठाय?
"दाजी, हीच ती."
मान हलवली. नाही.

आक्का हात पुसत आली आणि गाडीच्या तोंडाशी वाकली. "पाटी कुठाय बाळू?"

स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं, ओळखीची, हातातली वस्तू द्या. दाजींनी स्वतःच ही गाडी दाखवली होती. रोज सकाळी मांडीवर घ्यायची, पाटीवर बोट ठेवायचं, आणि इं... दा... पूर. "पाच म्हयन्यात येवढा एकच शबूद आलता रं. तू गाडी नेलीस आन् त्यो बी गेला."
"मग मला सांगायचं नाही का?" वर मीच ओरडलो.
"सांगितलं की. तुला खरं वाटलं न्हाय."
खरं आहे तिचं.

सोम., २१ एप्रिल
सकाळी दोन कवळ्या पूर्ण केल्या. माणसाला खाता यावं, स्पष्ट बोलता यावं म्हणून करतो हे काम, तीस वर्षं. आणि घरच्याच माणसाच्या तोंडातला...
जेवलो नाही. सुनंदानं आग्रह केला नाही.

गुरु., २४ एप्रिल
काम घेण्याआधी मोडतोडीचे फोटो काढायची माझी शिस्त. आज सगळे बघितले. आसाचे, काचेचे, चाकाच्या जागेचे. पाटीचा एक नाही. ती मोडलेली नव्हती ना! एका फोटोत तेवढा शेवटच्या र चा पाय दिसतो, बाकी पाटीवर माझा अंगठा.
त्यांचा इं कसा होता? वर टिंब होतं की जोरात दाबलेली रेघ? आठवत नाही. पस्तीस वर्षं बघतोय. मूर्ख माणूस.

रवि., २७ एप्रिल
पाटी कॉम्प्युटरवर छापून, चिकटवून नेली. सुबक. दाजींनी बोट ठेवलं. तोंड उघडलं. ओठ थरथरायला लागले, मानेच्या शिरा ताठ, कपाळावर घाम. मी वेड्यासारखा त्यांच्यासमोर तोंड करून इं, इं करतोय. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. आक्का म्हणाली, "पुरं. त्यास्नी छळू नगंस."

बाहेर येऊन मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "काही वेळा शब्द परत येतो, काही वेळा नाही. आत्ताच नाही सांगता येणार. तुम्ही जोर लावू नका."
मग काय करू? ते नाही सांगितलं.

गुरु., १ मे
लॅब बंद. माझा आरसा, ती चकचकीत गाडी, ब्रेक ऑइलमध्ये बुडवला. वाईट वाटलं नाही, याचंच नवल वाटलं.

लाल कुठून आणू? बेसिनखाली तो टूथब्रश सापडला, केसांत एक लाल सालपट अडकलेलं. तोच घेऊन इंदापूरला रंगाच्या दुकानात. दुकानदारानं ब्रश उलटासुलटा केला. "एसटी रंगवताय का काय?" दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा जमला.
घरी ब्रशनं लावला. तर माझ्या हातून सपाटच बसतोय. वाईट काम करायला हात तयार होईना. दाजींचे ओघळ कुठून आणणार? सुनंदा म्हणाली, "पाटीचं काय?" म्हणालो, ती माझी नाही.

रवि., ४ मे
लाल गाडी दाजींच्या मांडीवर. खूप वेळ बघत राहिले. नाकाशी नेली, वास घेतला. डाव्या बाजूनं हसले. परत दिली नाही! आक्कानं माझा दंड धरला.

पांढऱ्याची डबी उघडली, बारीक ब्रश त्यांच्या डाव्या हातात दिला. म्हणालो, "दाजी, पाटी न्हाय तर बसायचं कुणी?" गाडी मी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी ब्रश बंपरच्या वर टेकवला, बरोब्बर त्याच जागी. एक रेघ ओढली. रेघ घसरली ती बॉनेटवरून थेट काचेवर. ब्रश पडला, डबी लवंडली, लुंगीभर पांढरं. आक्का पुसायला धावली. "ऱ्हाऊ दे आता."

खिशात थिनर होतं. रेघ पुसता आली असती. पुसली नाही. दाजींनी ओल्या रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. तोंड मिटलं. पण बोट काढलं नाही, मी निघालो तरी तिथंच होतं.

फाट्यावर उभा राहिलो. पहिली एसटी आली ती उलट्या बाजूची. पाटी वाचली, माझ्याकडून मोठ्यानंच वाचली गेली. कंडक्टर दारातून वाकला. "व्हय, इंदापूरच. चढा चढा."
"मला बारामतीला जायचंय."
"मग वरडताय कशाला?"
गाडी गेली. धुरळ्यात उभं राहून आणखी दोनदा म्हणून बघितलं. इंदापूर. इंदापूर. जिभेला काही कष्ट पडत नाहीत.

पुढल्या रविवारी पांढऱ्याची नवी डबी न्यायची.