तांबडा डबा, निळा डबा

वडाचीवाडी, ता. कळंब
१२ फेब्रुवारी १९७३

चि. उत्तरेश्वर यास कमलआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू वाडीतल्या बायांना रक्तवाढीच्या गोळ्यांचे डबे देऊन गेलास, त्याला महिना झाला. परवा तुमच्या मेडिकल कॉलेजातली माणसं येऊन सगळ्यांचं रक्तही घेऊन गेली. मला एक कळेना. माझ्या थोरल्या सुनेच्या, सुमनच्या, डब्यावर तांबडी चिठ्ठी आणि धाकट्या चांगुणाच्या डब्यावर निळी, असं का? डबे आले त्याच दिवशी मी दोन्ही गोळ्या फोडून जिभेवर ठेवल्या. तांबडीची गंजक्या खिळ्यासारखी लागते, निळीची खडूसारखी. खिळा कधी चाखलात म्हणून विचारू नकोस.

दोघी दुष्काळी कामावर खडी फोडतात. चांगुणाला दिवस गेलेत आणि तोंड पांढरंफटक पडलंय. मला तिचीच काळजी आहे. जोरदार औषध कोणतं, तेवढं कळव. तुझ्या लग्नाचं विचारणाऱ्यांना काय सांगू, तेही कळव. माया आहेच, पत्रातून दिसू दे.

तुझी कमलआत्या

औरंगाबाद
२० फेब्रुवारी १९७३

ती. कमलआत्यांस उत्तरेश्वरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमची जीभ आमच्या प्रयोगशाळेत हवी होती! तांबड्या डब्यात लोहाच्या गोळ्या आहेत. निळ्यात औषध नाहीच. दोन्ही गटांचं रक्त तपासलं की गोळ्यांचा गुण कळतो. गुण दिसला असता तर दुष्काळी कामावरच्या सगळ्या बायांना त्या द्या, असं आमचे सर सरकारला लिहिणार होते. आधी सांगितलं असतं तर निळ्या डब्याला कुणी हात लावला नसता.

पण दोन्ही गटांचं रक्त सारखंच निघालं. गोळ्या निरुपयोगी आहेत असं आता सर कळवणार. मला तर कोडंच पडलंय. चांगुणावहिनींना दिवस गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. त्यांना आजपासून तांबड्या डब्यातल्याच द्या. इतर कुणाला मात्र बोलू नका. लग्नाचं नंतर बघू. राग न धरता लोभ ठेवावा.

आपला उत्तरेश्वर

वडाचीवाडी
२७ फेब्रुवारी १९७३

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी संतापले. आपला उत्तरेश्वर देतोय म्हणून बायांनी डोळे झाकून गोळ्या घेतल्या, आणि निम्म्यांना तू खडू चारलास! तुझ्या बहिणीला असाच निळा डबा दिला असतास का?

आता तुझं कोडं सोडवते. एका चुलीवर जेवणाऱ्या दोन सुनांना दोन रंगांचे डबे देऊन घरात भांडण लावू का मी? पहिल्याच दिवशी दोन्ही डबे परातीत ओतले, कालवले आणि दोघींना सारखे वाटले. शेजारच्या विठाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, आमीबी तसंच केलं की, जावाजावांत दुजाभाव कशाला. घरोघरी हेच झालंय. तू विचारलं नाहीस, आम्ही सांगितलं नाही.

पण एका गोष्टीनं जीव थाऱ्यावर नाही. माझ्या परातीपायी भूम-परांड्याच्या कामावरच्या बायांना गोळ्या मिळायच्या नाहीत. सरांना खरं सांग, ते कितीही चिडले तरी. रागावले आहे, तरी माया कमी नाही.

तुझी कमलआत्या

औरंगाबाद
८ मार्च १९७३

ती. कमलआत्यांस नमस्कार. वि. वि.

सरांना सांगितलं. चिडले, मग हसले, आणि सरकारला लिहिलेलं मागे घेतलं. आता पहिल्यापासून सुरू करायचं. या वेळी गरोदर बायांना सरसकट खऱ्या गोळ्या. बाकीच्यांत ज्या समजून तयार होतील त्यांच्याच नावानं चिठ्ठ्या टाकू. निम्म्यांना सध्या बिनऔषधाच्या गोळ्या, पुढे त्यांनाही खऱ्या. माझ्या वतीनं तुम्हीच विचाराल का? मला तोंड दाखवायला लाज वाटते. कृपा असू द्यावी.

आपला उत्तरेश्वर

वडाचीवाडी
१९ मार्च १९७३

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

पाराजवळ बाया जमवून सगळं उघड सांगितलं. चांगुणानं विचारलं, न्हाय म्हणलं तर गोळ्या बंद व्हत्यात का? तसं नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. ती आता तू धाडलेल्या खऱ्याच गोळ्या घेते आणि तोंडावर जरा तकाकी आलीय.

बाकीच्या चिठ्ठीला तयार आहेत का, विचारलं. मग विठाबाई उठली. म्हणाली, चिठ्ठी कशाला, खडूची म्या घेते, या वयात रगत वाढवून कुठं मिरवायचंय, पोरींना खरी द्या. तिच्यामागं एकेक सासू हात वर करत गेली. मीही केला. खडू घ्यायला एकही सून उरली नाही.

म्हाताऱ्या सगळ्या खडूकडे, पोरी सगळ्या खऱ्या गोळीकडे; अशानं तुझा अभ्यास होतो का, सरांना विचार. मला तरी वाटत नाही. पण या वेळी आम्हाला विचारलंस, आणि हे आमचं उत्तर आहे. लाज सोड आणि जेवायला ये.

तुझीच,
कमलआत्या