सुभेदाराच्या तिकिटाबद्दल

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
मंगळवार

तीर्थरूप धर्माजीमामा यांस,

भाचा साईराजचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग एवढ्यासाठी, की पालथं पडल्यावर तोंड दाखवावं लागत नाही.) पायाचं प्लास्टर कधी काढणार? आत कितीही खाज आली तरी फूटपट्टी घालू नका, असा तुमच्या सूनबाईचा, दिव्याचा, निरोप आहे. मुरूडला आशामामी मजेत असतील. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे दिव्या ठीक आहे, मी नाही. तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? मामा, फोनवर तुम्ही "बोल माझ्या वाघा" म्हणता आणि माझी शेळी होते. म्हणून हा कागद.

रविवारचं सांगतो. शनिवारी तुम्ही बजावलं होतंत, "सात नंबर, सायलेंट सुभेदार. विनचं तिकीट काढ. कुणाला विचारू नको. आणि घोड्याकडे बघू नको. बघितलंस की फसलास." आता मी जन्मात रेसकोर्सची पायरी चढलेलो नाही. घोडा म्हणजे मला ठाऊक तो वरातीतला, आमच्या बिल्डिंगखाली बँडच्या मागे कंटाळून उभा असतो तो. म्हणून सोबतीला उत्तनचा निकोलस घेतला. (आमच्याच ऑफिसातून रिटायर झालेला. त्याला रेसमधलं कळतं, असं तो स्वतःच सांगतो.) म्हणजे तुमची एक अट घरातून निघतानाच मोडली.

महालक्ष्मीला रेसच्या आधी घोडे गोल फिरवून दाखवतात. निकोलसनं मला त्या कुंपणापाशी नेलं. मी मान वळवून उभा होतो, शपथ घेऊन सांगतो. पण तो म्हणाला, "अरे बग तरी, फुकट हाय," आणि मी बघितलं. मामा, तुमचा सुभेदार चालत नव्हता, त्याला आणत होते. खालचा ओठ लोंबलेला, एक कान इकडे, एक तिकडे. बरोबर माझ्यासमोर येऊन त्यानं जांभई दिली. घोडे जांभई देतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. "ह्यो घोडा न्हाय," निकोलस म्हणाला, "ह्यो रिटायर तलाठी हाय." आणि त्याच्या मागून आली तीन नंबरची लेडी मोहोर. अंग असं चमकत होतं, की त्यात बघून भांग पाडावा. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. (दिव्यानं हे वाक्य वाचलंय. तिच्या मते घोडी माशी हाकलत होती.)

खिडकीच्या रांगेत उभा राहिलो तेव्हाही मनात सातच होतं. पण तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला. गोदीत राबून तुम्ही दर सीझनला हरून घरी यायचात आणि मामी ताट वाढून एक शब्द न बोलता आत निघून जायच्या. या खेपेला तरी भाच्यानं वाचवावं, असं वाटलं. खिडकीतला माणूस खेकसला, "बोलो, बोलो, पीछे लाइन है," आणि माझ्या तोंडून तीन गेलं. तिकीट हातात आलं तेव्हा मला चक्क पुण्य केल्यासारखं वाटत होतं. आज जास्त लाज वाटते ती त्या पुण्याचीच.

पुढचं तुम्ही मोबाइलवर बघितलंतच. शेवटच्या वळणावर तलाठी जागा झाला. मी सगळं विसरून "सुभेदार! सुभेदार!" ओरडत होतो. निकोलसला मिठी मारली. शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून "मेरे मामा का घोडा है!" म्हणून नाचलो. त्यानं विचारलं, "कितना लगाया?" तेव्हा खिशातलं तिकीट आठवलं. लेडी मोहोर तेव्हा अजून येतच होती.

गेटबाहेर तुमचा फोन आला. तुम्ही रडत होतात. मागून मामी ओरडत होत्या, "अहो, पाय सांभाळा!" तुम्ही विचारलंत, "लावलंस ना रे?" गलक्यात मी "मामा, ऐका" म्हणालो, ते तुम्हाला "हो" ऐकू आलं. नाही, हेही खोटं. मी हो म्हणालो. तर तुम्ही म्हणालात, "पैसे नकोत मला. तिकीट वटवू नको. फ्रेम करून दारासमोर लावणार. आशाला येता-जाता दिसलं पाहिजे." मामा, पैसे मागितले असतेत तर पदरचे भरून सुटलो असतो.

मी परत आत गेलो आणि लोकांनी फेकलेली तिकिटं उकिडवा बसून उलटीपालटी करू लागलो. सात नंबरचं एकही नाही. "जिंकलेलं तिकीट कोन फेकतंय काय?" निकोलस म्हणाला आणि माझी दया येऊन मला उत्तनला जेवायला घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, सबीनानं, सुरमई तळली होती. मी दुःखात जेवलो. (दुसऱ्यांदाही वाढून घेतली.) हात धुताना सबीना बोलून गेली, "आज ह्यांचा सुभेदार लागला, म्हनून मोठी सुरमई आनली." मी निकोलसकडे बघितलं. तो टॉवेल शोधायला लागला. मला रांगेत लावून त्यानं पलीकडच्या खिडकीवर सात नंबर घेतला होता! वर म्हणतो, "तू पन सातवर लावला असता तर भाव उतरून मला कमी मिलालं असतं ना." तुमच्या त्या एका नोटेनं महालक्ष्मीचा भाव उतरणार होता, मामा! तर तुमच्या सुभेदाराची सुरमई माझ्या पोटात गेली, हेही कबूल करतो.

तुमची निवड शंभर टक्के खरी होती. नालायक निघाला तो भाचा. द्याल ती शिक्षा मान्य.

आपला (म्हणवून घ्यायचीही लाज वाटणारा),
साईराज

ता. क. दिव्या म्हणते, पत्र छान झालंय, पण घोडीचं वर्णन जरा जास्तच झालंय.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच आशामामींचा फोन आला. अगदी हळू बोलत होत्या. म्हणाल्या, "ह्यांना डोकं आहे रे, साईराज. मी उगाच इतकी वर्षं..." काल दुपारी तुमच्याजवळ बसून त्यांनी अख्खी रेस पहिल्यापासून ऐकून घेतली म्हणे, आणि संपल्यावर पुन्हा एकदा सांगायला लावली. भिंतीत खिळाही ठोकून ठेवलाय, स्वतःच्या हातानं.

तेव्हा मामा, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच बंबात घाला. सोबत तिकीट पाठवतोय. तीन नंबरचंच आहे. फ्रेमवाल्याला सांगून काच तेवढी जरा धुरकट घ्या.