डेलच्या बीकनचा खटका

मी, लॉर्न हेगर्टी, वय ७१, स्कीच्या सामानाचा दुकानदार, हे स्वतःच्या हाताने लिहितो. फुप्फुसं गेली, डोकं शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी वेंडी हिला.

२. रुंद स्की आणि बूट जावयाला. बूट चावले तर घालू नयेत. स्की चुकली तर निभतं, बूट चुकला तर नाही. हेल्मेट एकदा आपटलेलं आहे, कोणालाही न देता फोडून टाकावं. धातूचं फावडं बचाव पथकाला. याच फावड्याने मी माझा मित्र डेल प्रुइट याला बर्फातून उकरून काढला.

३. दुकान, मालासकट, रॉडा कोवाल्चुक हिला. कारण असं:

राखलेला उतार संपतो त्या फाटकाशी एकाने आपलं बीकन, म्हणजे हिमलोटात गाडलेल्याची हाक देणारं आणि ऐकणारं छातीवरचं यंत्र, ‘शोधा’वर ठेवायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं, ज्याचं वाजेल तो पुढे. ही आमची रीत. त्या सकाळी तपासणारा मी. डेल म्हणाला, “लॉर्न्या, वटवाघळाचे कान तुझे, यंत्र कशाला काढतोस? चल, ताजा बर्फ दुसरेच नासवतील!” मी हसलो आणि तसाच निघालो.

हिमलोट आला. डेलच्या बीकनची हाक येईना. सळई खुपसत त्याला शोधायला पन्नास मिनिटं लागली, तोवर तो गेला होता. बीकन छातीवर होतं, खटका बंद. सकाळी त्याने तो लावलाच नव्हता. सापडलेल्याचं बीकन आम्ही बंद करतो, नाहीतर दुसऱ्याचा शोध चुकतो. म्हणून बंद खटक्याबद्दल कोणी विचारलं नाही. मीच आपणहून बोललो, “फाटकावर वाजत होतं, मी ऐकलं. खाली मुकं झालं. आत्ता मी बंद केलं.” माझ्या कानांवर गावाचा विश्वास.

बीकन रॉडाने तिच्या तेव्हाच्या दुकानातून विकलेलं होतं. भर बारमध्ये तिने ते वाजवून दाखवलं. “ऐक की, मेल्या! वाजतंय!”

मी म्हणालो, “शेकोटीच्या उबेत कोणतंही वाजेल, बाई.” सगळे हसले. मोसम सरायच्या आत तिला कुलूप लावावं लागलं. तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, बीकनच घ्यायला.

४. वरचं कलम दुकानात, दार उघडं ठेवून, डेलच्या बायकोसमोर मोठ्याने वाचावं. रॉडाने दुकान नाकारलं तरी वाचावं. तिने शिव्या घातल्या तर अडवू नये.

५. माझं बीकन छातीवर बांधून मला पुरावं. खटका बंद करावा, आणि तो कोणी बंद केला हे तिथेच, सर्वांदेखत सांगावं.

सही: लॉर्न हेगर्टी
साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सही केली: आयरीन सॉव्हे, परिचारिका, टेड ओकॅनगा, सुतार
कूटनी खोरे, ब्रिटिश कोलंबिया, ९ नोव्हेंबर २०२३