राजम्याचं अथेन्स

गिरावीन, ऑगस्ट २०२१, शनिवार संध्याकाळ

जेवणाच्या टेबलावर अजून अथेन्स पसरलंय. ऑनलाइन शाळेच्या प्रोजेक्टसाठी ईराने राजम्याच्या दाण्यांची तटबंदी लावली आहे. स्पार्टाचं सैन्य आलं तेव्हा खेड्यापाड्यांतले लोक या भिंतींच्या आत येऊन राहिले, आणि साथ नेमकी आतच पसरली. "पण बाबा, दे थॉट इनसाइड वॉज सेफ," लेक म्हणाली.

दुपारीच पुण्याहून आईचा फोन आला होता. सकाळी बाथरूममध्ये पडली, तासभर उठता आलं नाही. हाका ऐकून शेजारच्या काकू किल्ली घेऊन धावत आल्या, पण घराच्या दाराला आतून कडी. आता बरी आहे म्हणते. खरंच बरी आहे का? साथीमुळे इथलं सरकार आपल्याच नागरिकांना देशाबाहेर जाऊ देत नाही, बघणार कसं?

ईराने भिंतीत बंदराकडे जायला वाट ठेवली आहे. सारखं लक्ष त्या वाटेकडेच जातंय. अथेन्सवाल्यांनासुद्धा एवढं सुचलं होतं.

कामाच्या मावशींना येऊ नका म्हण, हे आईला मीच सांगितलं. वर्षभर रोज फोनवर विचारत आलो, "आतून कडी घातलीस ना?"

आजही फोन ठेवताना तोंडून तेच गेलं.