वारा सरायच्या आधीचा चहा

आलापल्ली,
२२ फेब्रुवारी २००४

चि. सरिताले आजीचा लाडाचा जय भीम.

मी बरी हाय. म्हनजे तशी बरीच. अंगनात बसून लिहून राह्यली, पन दोन ओळी झाल्या का उठते. अंगन दोनदा झाडलं. कोंबड्याबी कटाळल्या माह्याले.

तू आपरेशन केलेली अदीबा घरी आली. आपल्या शेजारची नूरी साऱ्या गल्लीत सांगत फिरते, "कांताबाईच्या नातीनं माह्या सुनेचं अपेंडिस काढलं!" मी मुद्दाम दारात उभी राहते, पुन्हा आयकायले.

पन तिथी दवाखान्यात नूरी लय भांडली म्हने तुह्याशी. आपल्याकडं रीतच हाय, पोट फाडलं का वारा सरल्याबिगर पान्याचा थेंब नाई. सारा वार्ड कान लावून बसते! अन् तू त्याच संध्याकाळी चहा पाज म्हनली. नूरी तापून हिंदीवरच आली, "बेटी, टाके पक जाएंगे, मारती क्या बहू को?" मोठे डॉक्टरबी म्हनले, इथी असं करत नसते. तं तू म्हनली, "चाची, हे माह्या मनाचं नाई. चिठ्ठ्या टाकून शेकडो पेशंटायचे दोन गट केले, एक उपाशी, एक खाऊपिऊ घातलेला. उपाशी ठेवून फायदाच नाई निघाला." अदीबा चहा पिली अन् दुसऱ्या दिवशी खिचडी मागतली. हसून हसून माहं पोट दुखलं.

पोटाचं निघालंच तं इचारते. त्या शेकड्यात सत्तरीची बाई होती का? जिच्या बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ हाय, खोकली का फुगते, निजली का आत जाते? दिवाळीपासून हाय. परवा आत जाईचना. लय दाबली, तवा गेली. गल्लीतली कमला म्हनते, तापल्या विटेनं शेक. तुह्या बापाले सांगू नको.

तशी बाई नसन त्यात, तं "आजी, माहीत नाई" म्हन. नातीचं "काही नाई होत" मले नको. डॉक्टरचं खरं पायजे.

नूरीचा पोरगा अयूब उद्या अदीबाले घेऊन टाके दाखवायले येते, पत्र त्याच्याच हाती देते. मीबी त्याच यष्टीत हाय. तोंडानं सांगायले बसली का मी हसवतच राहते, गाठीचं राहून जाते. म्हनून आधी वाच, डोळे पूस, मंग बाहेर ये.

तू हे वाचशीन तवा मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर बसली असन. चहा पिऊन यावं का नाई कळत नाई, म्हनून उपाशीच येते.

तुही आजी, अन् आजपासून तुही पेशंट,
कांता